मिठाची पुडी किती दिवस पुरते?

बीपी मोजायला आलेल्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसवणं, हे आपल्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे असं गावच्या आरोग्य उपकेंद्रातली अधिकारी सांगते. माणूस आलेला असतो रानातून, चढ चढून, उन्हातनं. वाटेत कुणाकडे तरी चहा झालेला असतो, तोंडात तंबाखूची चिमूट असते. आणि नियम असा की मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीला टेकलेले हवेत, मांडीवर मांडी नको. दंड छातीच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. शिवाय मोजताना बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम गावात कुणालाच पटत नाही. पट्टा फुगायला लागला की आजी हमखास विचारणार, "तुमच्या घरची समदी बरी हायती न्हवं?" समोरची बाई आपल्या दंडाला हात लावून बसलीय आणि आपण तोंड मिटून बसायचं, हे रीतीलाच धरून नाही. पण बोलत राहिलं की वरचा आकडा सहज दहाने चढतो. लघवी तुंबलेली असली तरी चढतो. १३२ चा १४२ झाला की १४०/९० ची रेघ ओलांडली जाते, आणि धडधाकट माणसाचं नाव रुग्णांच्या यादीत जातं.

तिने यावर एक साधा बदल केला. पूर्वी आल्या आल्या नाव, वय, मोबाइल नंबर विचारून रजिस्टर भरायचं आणि मग पट्टा बांधायचा, अशी पद्धत होती. त्यात माणूस बोलता बोलताच मशीनखाली यायचा. आता तो आधी पाठीच्या खुर्चीत बसतो, मग मोजणी होते, पुन्हा एकदा मोजणी होते, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी. म्हाताऱ्या बायकांची वेगळीच अडचण असते. चोळीची बाही दंडाला घट्ट बसलेली, ती वर सरकवली की दंडच आवळला जातो आणि आकडा भलताच येतो. त्यासाठी कोपऱ्यात एक पडदा आहे. पडदा लावल्यापासून आज्या तिथं निवांत बाही काढतात, आणि आत गेल्यावर बीपीखेरीज आणखी चार दुखणी सांगतात.

ती आयुर्वेदाची पदवीधर. बीएएमएस झाल्यावर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन 'समुदाय आरोग्य अधिकारी' झाली. एवढं लांबलचक पद गावात कुणी उच्चारत नाही. ती 'मॅडम'. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा भाग, माण-खटावचा, पर्जन्यछायेतला. साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सपाटीच्या भागासाठी सरकारी हिशोब. पूर्वी उपकेंद्र म्हणजे सिस्टर, लसीकरण आणि बाळंतपणं. २०१८ पासून देशभर ही उपकेंद्रं 'आरोग्य व कल्याण केंद्रं' व्हायला लागली. छत्तीसगढमधल्या बिजापूर जिल्ह्यातल्या जांगला या गावी त्या वर्षीच्या १४ एप्रिलला पहिलं केंद्र सुरू झालं. २०२३ च्या अखेरीस नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. पाटी नवी लागली, गावाच्या तोंडी मात्र 'दवाखाना' तो दवाखानाच राहिला.

नव्या कामातला मोठा वाटा आहे तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करण्याचा. बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग. आशाताई घरोघर जाऊन एक फॉर्म भरतात. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. प्रत्येक उत्तराला गुण, आणि गुण चाराच्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलवायचं. कंबरेला टेप लावताना होणाऱ्या हशाला फॉर्ममध्ये रकाना नाही.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीपासून काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग हे बाकीचे तीन. उपक्रमाचं सूत्र सरळ होतं. सगळ्यांना एकसारखी, ठरलेल्या क्रमाने औषधं, ती घराजवळ फुकट, प्रत्येकाच्या नावाचं कार्ड, आणि जो महिन्याला आला नाही त्याचा शोध. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला होता. गावात हे आकडे सांगून उपयोग नसतो. तिथला युक्तिवाद एकच, "मला तर काय बी होत न्हाय."

आणि हे खोटं नसतं. बीपी वाढलेल्या बहुतेकांना खरंच काही होत नाही, पक्षाघाताचा झटका येईपर्यंत. दुखत नसलेल्या दुखण्यासाठी रोज गोळी घ्या, हे सांगणं म्हणूनच जड जातं. गोळी सुरू केली, पुढच्या महिन्यात आकडा १२६ वर आला, की माणूस गोळी बंद करतो. त्याच्या लेखी दुखणं बरं झालं. ॲम्लोडिपीनने काहींच्या घोट्यांना सूज येते, ते तर कुणाला न सांगताच सोडतात. सूज आली तर आम्हाला सांगा, औषध बदलता येतं, मोठ्या डॉक्टरांना ऑनलाइन विचारता येतं, हे वाक्य ती आता पहिल्याच दिवशी बोलते.

तिला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'सकाळी जेवल्यावर घ्या' या सल्ल्याने. असं तिच्या आधीच्या चिठ्ठ्यांवरही लिहिलेलं असायचं. पण इथल्या बाईची सकाळ कशी असते? पहाटे उठायचं, शेण काढायचं, धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, भाकरी बडवायच्या, पोरांचे डबे, आणि सात-आठला खुरपायला. ती जेवते अकरा-बाराला, रानात, बांधावर. गोळी राहते घरात फळीवर. संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानात राहणार? आता ती आधी विचारते, "दिवस कसा जातो तुमचा, उठल्यापासून सांगा." मग त्या दिवसात रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट शोधायची आणि गोळी तिला जोडायची. ॲम्लोडिपीन जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही. वेळ रोज तीच असली म्हणजे झालं. कुणाची गोळी देवापुढे दिवा लावताना होते, कुणाची रात्री टीव्हीवरची मालिका लागताना. एका घरात ती डेअरीच्या दुधाच्या किटलीपाशी ठेवलेली असते, कारण दूध घालायला जाणं कधीच चुकत नाही.

याला अपवाद फौजी. सातारा जिल्ह्यात निवृत्त सैनिकांना तोटा नाही. गावातले एक माजी सुभेदार सकाळी सहाला गोळी घेतात, तारखेला तारीख कार्ड घेऊन हजर होतात आणि खुर्चीत बसल्यावर एक अक्षर बोलत नाहीत. इतरांना शिस्त लागावी म्हणून तिने त्यांना एकदा सभेत उभं केलं. ते फक्त "गोळी घेतली पाहिजे" एवढंच बोलून खाली बसले. तरी त्यानंतर चारदोन पुरुष आले.

औषधाइतकाच प्रश्न असतो मिठाचा, आणि मीठ हा बाईच्या अखत्यारीतला विषय. 'मीठ कमी खा' म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आमी कमीच खातो." कमी म्हणजे किती, हे कुणीच मोजलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. पण स्वयंपाक चमच्याने होत नाही, चिमटीने होतो. म्हणून ती एकच प्रश्न विचारते, "मिठाची किलोची पुडी किती दिवस पुरते?"

हिशोब सोपा आहे. घरात पाच माणसं, दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ४० दिवस पुरायला हवी. एका घरातली सून म्हणाली, पंधरा दिवस. कागदावर भागाकार केला तर माणशी तेरा ग्रॅमच्या वर. सासूबाई लगेच म्हणाल्या, त्यातलं म्हशीला किती जातं ते बी धरा की! मुद्दा बरोबर होता. जनावरांना मीठ घालतात, लोणच्याला लागतं. पण त्या घरात म्हशीला आणि लोणच्याला खडे मीठ वेगळं होतं. पुडी स्वयंपाकघरातच संपत होती.

मग तिने आणि सुनेने बसून पुडी कुठे जाते ते शोधलं. कोरड्यासात जातं, ते तर जायचंच. भातात घालतात. चपातीच्या कणकेत घालतात. ठेच्यात घालतात. ताटात वाढून घेतात. शिवाय पापड, लोणचं, आणि पोरांनी दुकानातून आणलेलं फरसाण, ज्याचं मीठ पुडीच्या हिशोबात येतच नाही. तिने ठेच्याला हात लावला नाही. कणकेतलं मीठ बंद, भातातलं बंद, ताटातली मिठाची वाटी उचलायची, एवढंच सांगितलं. झणझणीत कोरड्यासाबरोबर खाताना कणीक अळणी आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पहिले काही दिवस नातवाने वाटी मागितली. जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते, हा तिच्या पुस्तकातला धडा त्या घरात खरा ठरला. पुढची पुडी महिन्याच्या जवळपास गेली.

आयुर्वेदाची डॉक्टर म्हटल्यावर आणखी एक प्रश्न तिला चुकत नाही. "सैंधव तर चालतं ना?" मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं असतं की बीपीवाल्यांनी सैंधव खावं. आयुर्वेदाने मिठांमध्ये सैंधवाला वरचं स्थान दिलंय, हे ती शिकलेली आहे आणि ते ती नाकारत नाही. पण सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच, आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीन घातलेलं नसतं. रक्तदाबाच्या दृष्टीने दोन्ही मीठच. हे ती बीएएमएसवाली म्हणून सांगते तेव्हा लोकांना जास्त पटतं.

मिसरीची गोष्ट इतकी सोपी नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. पहाटे उठल्यावर दातांना लावायची, पुन्हा जेवल्यावर, पुन्हा दुपारी कामातून टेकल्यावर. डबी कनवटीला असते आणि मॅडम दिसल्या की आणखी आत जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. बायकांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होतं, आणि त्यातला जवळजवळ सगळा भाग मिसरीसारख्या बिनधुराच्या तंबाखूचा.

बायकांना ती तंबाखू वाटतच नाही. दात घासायची वस्तू वाटते. "दात दुखतो म्हणून लावते," "लावल्याबिगर पोट साफ होत न्हाय." टॉर्च घेऊन तोंड बघताना गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला की ती आरशात दाखवते, आणि दंतवैद्याकडे जायची चिठ्ठी देते. कर्करोगाच्या धाकाने थोड्या घाबरतात. पण एका गोष्टीपुढे डब्या खरोखर बाहेर आल्या. मुंबईतल्या बाराशेहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला होता. बिनधुराची, मुख्यतः मिसरीची, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी सुमारे शंभर ग्रॅमने हलकी भरली होती. अंगणवाडीतल्या ताईच्या वजनकाट्यावर शंभर ग्रॅम तांदूळ ठेवून तिने ते दाखवलं. बाळांचं वजन किती महत्त्वाचं, हे त्या काट्यापाशी बसणाऱ्या प्रत्येक सासूला ठाऊक असतं. गरोदर सुनेपुरती तरी बंद, असं काही घरांत ठरलं. काहींनी तीन वेळांवरून एकीवर आणलं. काही बायका बाळंतपण झाल्यावर पुन्हा लावायला लागल्या. त्या परत आल्या की ती पहिल्यापासून सुरुवात करते.

लोहाच्या गोळ्यांचं दुखणं बीपीच्या गोळीच्याच जातीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेतल्या लहान पोरांना गुलाबी गोळी, मोठ्यांना निळी, गरोदर बायकांना लाल. रंग ठरलेले, आणि लाल गोळी १८० दिवस रोज. पण ती घेतली जाते चहाबरोबर, आणि चहातलं टॅनिन लोह शरीरात शोषू देत नाही. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बायका पाकीट उशाखाली ठेवून देतात. काळं होणं अपेक्षितच आहे हे आधी सांगितलं, आणि गोळी सकाळच्या चहापासून तोडून रात्रीच्या जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर नेली, की बऱ्याच जणींचं जमतं. जोडीला हुलगे, मोड आलेली मटकी, तांदुळजा. या गोष्टी या मातीत पिकतातच. फक्त पाहुणे आले की त्या ताटातून जातात आणि बटाटा येतो.

योगाचंही केंद्रात सत्र होतं. पहिल्या वेळी आलेल्या बायका हसत सुटल्या. "दिसभर वाकूनच असतो की आमी, आनी हितं येऊन बी वाकायचं?" मग पुढे वाकण्याची आसनं बाजूला पडली. पाठ मागे नेण्याची, खांदे मोकळे करण्याची राहिली, आणि नंतर दहा मिनिटं नुसतं आडवं पडून श्वासाकडे बघणं. हे शेवटचं सर्वांत आवडीचं ठरलं. दुपारी पाठ टेकून पडण्याला घरात नावं ठेवतात, इथं मॅडमच सांगतात.

पुरुषांकडून मात्र ती झोपेबद्दल शिकली. महिन्यागणिक काही माणसांचे आकडे अवचित चढायचे. गोळी चालू, मीठ कमी, तरी १५८, १६२. चौकशी केल्यावर कळलं, त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. थ्री फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, आणि लाइट रात्री आली की माणूस रात्रभर बांधावर पाणी धरतो आणि सकाळी दवाखान्यात येतो. तिने कार्डावर पेनने एक जादा रकाना आखला, 'रात्री पाणी होतं का'. हो असेल तर डोस लगेच वाढवण्याऐवजी चार दिवसांनी पुन्हा बोलावते. सौर पंपांनी आणि सौर फीडरनी दिवसा वीज मिळेल ही सरकारी योजना तिला कार्डावरच्या त्या रकान्यासाठी हवी आहे. बॅटरी घेऊन आणि बूट घालून जा, हेही ती याच वेळी सांगते, कारण पाण्यावर गेलेल्याला साप चावल्याचे फोन पावसाळ्यात येतातच.

सगळ्यात चिवट यादी आहे बाहेरगावच्यांची. विटा, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी भारतभर विखुरलेली आहेत. कोईमतूर असो की लुधियाना, जिथं सराफकट्टा तिथं आपल्याकडचा एखादा गलाईवाला भेटतो. ही माणसं गावी येतात जत्रेला, लग्नाला आणि मयतीला. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला घर भरलं की ती जादा वेळ केंद्र उघडं ठेवते. चाळिशीतला, पाच-दहा वर्षं भट्टीपुढे बसलेला, हॉटेलचं खाणारा माणूस १७० दाखवतो, आणि परवा परत जायचं म्हणतो. त्याला महिन्याच्या हप्त्याने गोळ्या देणं शक्य नाही, कारण पुढच्या महिन्यात तो हजार कोसांवर असतो. कार्ड इथलं, माणूस तिथला.

त्यांच्यासाठी तिने एक रीत पाडली आहे. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांकडून औषध सुरू करून घ्यायचं, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता मूळ औषधाचं नाव आणि मात्रा मोठ्या अक्षरांत लिहायची. त्या चिठ्ठीचा फोटो त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये. तिथं जवळच्या दुकानात मशीनवर मोजून आकडा कळवायचा, खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसून. बायकोचा फोन नवऱ्यापेक्षा नेमाने येतो.

परवाच एकीचा आला, कोईमतूरहून. दुकानदार भलत्याच नावाची गोळी देतोय, घेऊ का? तिने पाकिटाचा फोटो मागवला. कंपनी वेगळी, औषध तेच, पाच मिलिग्रॅमच. घ्या म्हणाली. मग नेहमीची चौकशी, आकडा किती, पाय सुजतात का, जेवण घरचं की हॉटेलचं. घरचंच, पण इथं सगळ्यात सांबार असतंय आणि पापड असतोयच, असं उत्तर आलं.

"बरं," ती म्हणाली, "मिठाची पुडी किती दिवस जाते तिथं?"

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग हिशोब सुरू झाला.